रूपसिंगच्या वाट्याचं

विमानाच्या शिडीवरून उतरताना लालीबाई हसत होती. उन्हातून चालत त्या मोठ्या इमारतीपर्यंत आली तेव्हाही हसत होती, आणि काचेचं दार कुणीतरी उघडून धरलं तेव्हाही. हे हसू तिने घरूनच आणलं होतं. यवतमाळला इंदुताईंच्या माजघरातल्या आरशासमोर उभं राहून तिने ते बसवलं होतं: ओठ थोडे ताणायचे, दात दिसले तरी चालतील, डोळे मात्र कोरडे ठेवायचे. अंगात तिचा नेहमीचा घेरदार फेट्या घागरा, आरशांची कांचळी, डोक्यावर जाडजूड ओढणी, आणि या सगळ्यावर इंदुताईंच्या यजमानांचा, वामनराव वकिलांचा, तपकिरी गरम कोट. तो कोट कोर्टात नागपूरपर्यंत गाजलेला होता म्हणे, पण फेट्याच्या घेरावर त्याची बटणं काही लागत नव्हती. लोक तिच्याकडे बघत होते आणि वाट देत होते. ती मात्र प्रत्येक उंच, सावळ्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होती. तिचा मुलगा रूपसिंग कुठेच नव्हता. हसू धरून धरून जबडा दुखायला लागला. रडून गालफडं दुखतात हे तिला माहीत होतं, हसूनही दुखतात हे तिला आजच कळलं. मग एकाएकी तिला वाटलं: त्याने आपल्याला लांबून पाहिलं असेल. या कपड्यांत, या कोटात पाहिलं असेल, आणि तो खांबामागे सरकला असेल. असं काही मनात यायला नको होतं, पण आलं खरं, आणि ती तशीच, हसऱ्या तोंडाने, मधोमध उभी राहिली.

मुंबईपासून पलीकडच्या खुर्चीवर बसलेले एक म्हातारे सरदारजी तिच्याजवळ आले. ते बर्मिंगहॅमला मुलीकडे निघाले होते. "माताजी, यह लंदन नहीं है," ते म्हणाले. "बैरूत है. यहाँ जहाज बदलेगा. अपना जहाज शाम को है. बैठिए आराम से." लालीबाईने मान हलवली आणि हसू सोडून दिलं. तोंड एकदम हलकं झालं. खरं तर इंदुताईंनी तिला हे नीट समजावून सांगितलं होतं. "यवतमाळच्या छोट्या गाडीत बसता, मूर्तिजापूरले उतरता, मंग मोठ्या गाडीत बसता, तसंच हे," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि लालीबाईला ते इतकं पटलं होतं की विमानात बसल्यावर ती ते साफ विसरली. मूर्तिजापूरला उतरलं की मूर्तिजापूर दिसतं. चहावाला ओरडतो, हमाल भांडतात, मोठ्या गाडीला उशीर झाला म्हणून कुणीतरी सरकारला शिव्या घालतं. इथे सगळं लखलखीत आणि गप्प होतं. अधूनमधून छतातून एक बाई बोलायची, तेवढंच. शिवाय लालीबाईच्या कानात अजून कापूस होता. उडताना कान दुखतील म्हणून विमानातल्या पोरीने तो दिला होता. जन्मभर कापूस वेचला, तो कानात घालायची वेळ पहिल्यांदाच आली. तिने बोळा काढून बोटांत चुरून पाहिला. धागा आखूड होता. आपल्याकडचा नाही, असं म्हणून तिने तो कोटाच्या खिशात ठेवला, टाकवला नाही.

बाकावर बसल्यावर पाय लटकायला लागले, म्हणून ती खाली फरशीवर, गाठोड्याला टेकून बसली. तिथे तिला बरं वाटलं. गाठोड्यात तिळाचे लाडू होते, शेजारच्या बिजलीबाईने रूपसिंगसाठी दिलेली लाल मिरचीची पूड होती आणि तिच्या नवऱ्याचा, लखीरामचा, मुंडासा होता. बाकी सगळं मोठ्या पेटीत घालून त्या लोकांनी कुठेतरी नेलं होतं. मुंडासा मात्र तिने हातचा सोडला नव्हता. तळ पडला की असंच सामानाला टेकून बसायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, अंगातच होतं. तिच्या आजीने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडणारा तांडा पाहिला होता. पुढे रेल्वे आली, लदेणीचा धंदा बसला, बैल विकले गेले, आणि आर्णीच्या पलीकडे माळावर झोपड्या बांधून तांडा शेतीला लागला. पण आजीच्या तोंडात वाटच होती. ती सांगायची, दोन तांडे वाटेत भेटले की पुरुष बैलांचं पाणी बघायचे आणि बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. ओळख असो नसो. कुणाचा कोण गेला, कुठे गेला, सगळं त्या रडण्यातून सांगायच्या. मग ज्यांना पुढे जायचं ते ते रडणं घेऊन पुढे जायचे आणि पुढच्या तळावर दुसऱ्या तांड्याच्या हवाली करायचे. "माझ्या भावाचं रडणं असंच आलं," आजी म्हणायची. "त्याला गाडला खानदेशात, आणि मला कळलं वर्ध्याच्या काठी. पण कोरडं नाही कळलं." खरं-खोटं आजीच जाणे. लालीबाई तेव्हा लहान होती आणि तिला हे ऐकताना फक्त एकच प्रश्न पडायचा, की वाटेत एखादीला रडू आलंच नाही तर पुढच्याचं कसं व्हायचं.

आता तिला न आलेल्या रडण्याची नव्हे, राहिलेल्या रडण्याची काळजी होती. लखीराम गेला त्याला दुसरा हिवाळा लागला होता. तूर फुलावर होती. संध्याकाळी शेतातून आला, पाणी मागितलं, अंगात थंडी भरली म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी संपलं. तांड्याचा प्रमुख, नाईक खेमसिंग, याने माणूस यवतमाळला पिटाळला, वामनरावांनी तार केली. लंडनहून रूपसिंगची उलट तार आली. यायला जमणार नव्हतं. दवाखान्यातली नोकरी नवी होती, पुढे मोठी परीक्षा होती, आणि तो आला असता तरी सगळं आटोपल्यावरच आला असता. हे लालीबाईला समजत होतं. ती कुणाजवळ त्याची तक्रार करणारी बाई नव्हती. मग एकेक करून सोयरे आले. बोरीअरबची नणंद आली, दिग्रसकडचे भाऊ आले, दूरदूरच्या तांड्यांवरून माणसं आली. प्रत्येक वेळी लालीबाई झोपडीतून उठून वाटेपर्यंत सामोरी गेली, गळ्यात गळा घातला आणि सूर लावला. या रडण्याला चाल असते. आधी गेलेल्याचं नाव घ्यायचं, मग तो कसा गेला ते, मग शेवटचं काय बोलला ते, आणि मग समोरच्याचं त्याच्याशी काय नातं होतं ते. प्रत्येकाशी शब्द वेगळे. नणंदेशी रडताना लखीराम भाऊ असतो, त्याला तिने लहानपणी कडेवर घेतलेलं असतं; भावाशी रडताना तो मेहुणा असतो आणि थट्टा करतो. असा तो माणूस वाटून वाटून द्यायचा. बातमी काय, कुणीही सांगतं. रडणं ज्याचं त्याच्या हातात द्यावं लागतं. सगळ्यांचं देऊन झालं, आणि रूपसिंगच्या वाट्याचं तेवढं राहिलं. त्यात लखीराम बाप होता. तो कुणालाच देता येत नव्हता. लालीबाईने तो बियाण्याच्या ज्वारीसारखा बाजूला ठेवला, पेरणीची वाट पाहत. रूपसिंग पुढल्या वर्षी येतो म्हणाला, मग त्याच्या पुढल्या वर्षी येतो म्हणाला. शेवटी लालीबाईच इंदुताईंना म्हणाली, "तो नाही येत तं मी जातो. आमचे लोक जातच आले." वामनरावांनी कपाळाला हात लावला, पण मग त्यांनीच खटपट केली.

निघायच्या आधी ती चार दिवस यवतमाळला इंदुताईंकडे राहिली. रूपसिंग शाळेत असताना वामनरावांच्या मागच्या खोलीत राहायचा, तेव्हापासूनचा हा घरोबा. इंदुताई प्रेमळ बाई, पण त्यांना सगळं आधी ठरवून ठेवायची सवय. विमानात काय खायचं, संडासाला जायचं तर कुणाला खूण करायची, सगळं त्यांनी करून दाखवलं. त्यांनी एक सुती लुगडंही काढून ठेवलं होतं. "हे नेसा. तिकडे बरं दिसते." लालीबाईने ते हातात घेऊन पाहिलं, चांगलं होतं, आणि घडी करून परत दिलं. "लुगड्यात तो मले वळखन कसा?" मग दुपारी पोह्याच्या बश्या समोर ठेवून इंदुताईंनी मुख्य गोष्ट काढली. त्या जरा अवघडल्याच होत्या. "लालीबाई, एक सांगू का? रागावसाल नाही नं? तिथं त्याले भेटल्यावर तुमच्या तांड्यासारखं रडाचं नाही बरं."

"कायले?"

"अहो, तिथं कोणी असं मोठ्यानं रडत नाही. त्याईले वाटते, काही भलतंच झालं. लोक जमा होतात. त्याच्या दवाखान्यातले कोणी सोबत असले तं त्याले कसं वाटन?"

"मंग भेटाचं कसं?"

"हसाचं. हात हातात घ्याचा. कसा आहेस म्हणून विचाराचं."

"आन् त्याच्या बापाचं?"

"ते घरी गेल्यावर. दार लावून. सावकाश," इंदुताई म्हणाल्या, आणि त्यांचेच डोळे भरून आले. घरी गेल्यावर, दार लावून, सावकाश रडता येत नाही, हे त्यांना कसं सांगायचं? पहिल्या भेटीला जे रडत नाहीत ते परके. परके म्हणून एकदा घरात शिरलं की मग गळ्यात पडून काय उपयोग. तेव्हा पाणी द्यायचं, जेवायला वाढायचं, पाहुणा म्हणून निरोप द्यायचा. पण लालीबाईने मान डोलावली, कारण रूपसिंगला कसं वाटेल, हे वाक्य तिच्या मनात इंदुताईंच्याही आधीपासून होतं.

ते वाक्य शाळेच्या फाटकाचं. रूपसिंग यवतमाळला शिकायला गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात ती त्याला भेटायला गेली होती. आर्णीहून लॉरीत बसून, डोक्यावर भाकऱ्यांचं फडकं. मधली सुटी झाली होती आणि पोरं फाटकाशी चिंचा खात होती. त्यांच्यात तिला रूपसिंग दिसला, पांढऱ्या टोपीतला, एकदम बारीक झालेला. ती पुढे धावली, तिने त्याला छातीशी धरलं आणि सूर लावला. तेव्हा कुणी मेलेलं नव्हतं. नुसती भेट होती, पण दोन महिन्यांची ताटातूट होती, आणि तांड्यात एक म्हातारी गाय तेवढ्यात गेली होती, ती त्याच्या लाडाची. ते सगळं सांगायचं होतं. पोरं खाताखाता थांबली. कुणीतरी हसलं, कुणीतरी तिच्यासारखा सूर काढला, मग सगळेच काढायला लागले. रूपसिंगने तिच्या हातातून स्वतःला सोडवून घेतलं. "याडी, इथं नको," तो म्हणाला. आई म्हणून हाक त्याने तांड्याच्या बोलीत मारली आणि बाकीचं शाळेच्या बोलीत म्हणाला, हे तिला तेव्हाही खटकलं. रागाने नव्हता बोलला. हळूच बोलला होता, जवळजवळ विनवून. त्यानंतर ती यवतमाळला अनेकदा गेली आणि प्रत्येक वेळी फाटकाबाहेर पिंपळाखाली नुसती उभी राहिली. तो यायचा, भाकरी घ्यायचा, "बरं हाये न?" म्हणायचा. हेच पुढे नागपूरला झालं, हेच त्याला मुंबईच्या गाडीत बसवताना झालं. लखीराम तेव्हा म्हणाला होता, "तू रडली नाही तर तो जाऊन राह्यला असं वाटतच नाही मले." आणि ती लखीरामवर उगाच डाफरली होती. हे आठवलं की लालीबाईला अजून लाजल्यासारखं व्हायचं. आता तर तो डॉक्टर होता, आणि फाटक साऱ्या जगाचं होतं.

उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत तिच्या पायापर्यंत आली. सरदारजी बाकावर तोंड उघडं टाकून झोपले होते. लालीबाईने एक लाडू खाल्ला, अर्धा त्यांच्यासाठी कागदात ठेवला, आणि मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीशी तिला ती बाई दिसली. तीही खालीच बसली होती, गाठोड्याला टेकून. काळ्या झग्यावर छातीभर लाल भरतकाम, कपाळावर चांदीच्या नाण्यांची रांग, मनगटात जाड चांदीचे गोट. आणि हनुवटीवर गोंदण, हिरवं-निळं, ओठाखालून खाली उतरलेलं. लालीबाईच्या काळजात लख्ख झालं. आपली! इथे, या परमुलखात, आपली बाई! तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती. गोंदण आपलं, चांदी आपली, फरशीवर बसणं आपलं. कपड्याची तऱ्हा थोडी वेगळी, पण तेलंगणातल्या तांड्यांची तरी कुठे आपल्यासारखी असते. ही कुठल्यातरी लांबच्या तांड्याची. हिचाही कुणीतरी तिकडे शिकायला गेला असेल. लालीबाई गाठोडं उचलून, कोट सावरत, जवळजवळ पळतच तिच्यापाशी गेली.

"तारो तांडो कुणसो, ये बाई?" तुझा तांडा कुठला, असं तिने तांड्याच्या बोलीत विचारलं. मुंबई सोडल्यापासून ही बोली तिच्या तोंडातून पहिल्यांदाच निघत होती.

त्या बाईने वर पाहिलं. तिचे डोळे लाल होते, आताच रडून थांबल्यासारखे. ती घशातून काहीतरी बोलली. लालीबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण लांबच्या तांड्यांची बोली कळत नाहीच. आणि बोली हवी कशाला होती? तिच्या लाल डोळ्यांनी सगळं सांगितलं होतं. लालीबाई तिच्यासमोर बसली, तिच्या गळ्यात दोन्ही हात घातले, कपाळ तिच्या खांद्यावर टेकवलं आणि सूर लावला. वेगळं काही करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. ती बाई क्षणभर ताठ झाली. मग तिचे गोट लालीबाईच्या पाठीवर वाजले, तिने लालीबाईला घट्ट आवळलं, आणि तिचाही आवाज उठला, जाड, खालच्या पट्टीतला, वेगळ्याच चालीचा.

लालीबाईने लखीरामचं नाव घेतलं. तूर फुलावर होती, पाणी मागितलं, असं सांगत गेली. आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण भलतंच सांगतोय. नणंदेशी रडलेलं हे नव्हतं, भावाशी रडलेलंही नव्हतं. हिच्याशी रडताना लखीरामला नातंच नव्हतं, म्हणून तो सगळ्या नात्यांचा होऊन येत होता, आणि त्यात बापही होता. पोराला खांद्यावर बसवून यवतमाळच्या रस्त्याला लावून देणारा. पोराची तार वाचून घेतल्यावर... नाही, तार तर तो गेल्यावर आली. पण रडण्यात तीही आली. शेवटच्या रात्री तापात तो म्हणाला होता, "रूप्याले सांग, मी काही त्याची वाट पाह्यली नाही." खोटं बोलला होता. दाराकडे तोंड करून खाट ठेवायला त्यानेच लावली होती. हे लालीबाईने कुणालाच सांगितलं नव्हतं. हे फक्त रूपसिंगचं होतं. ते आता एका बाईच्या खांद्यावर, फरशीवर, भडाभडा बाहेर पडत होतं, आणि तिला थांबवता येत नव्हतं. त्या बाईच्या रडण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. यूसुफ, यूसुफ. लालीबाईला तो ओळखीचा वाटला. आर्णीच्या बाजारात बांगड्या भरणारा यूसुफ होता, बोरीअरबला एक यूसुफ टांगेवाला होता. मुसलमानाचं नाव हे. तेव्हा कुठे तिला कळलं की ही बाई कुठल्या तांड्याची नाही, गोर जातीची नाही, आपल्यातली कुणीच नाही. तिचा कुणीतरी यूसुफ होता आणि तो आता नव्हता. लालीबाईचा सूर किंचित अडखळला. मग तिने त्या बाईच्या पाठीवरचा हात आणखी घट्ट केला आणि रडण्यात लखीरामच्या शेजारी यूसुफचंही नाव घेतलं.

लोक जमा झाले. इंदुताईंनी सांगितलं होतं अगदी तसं झालं. निळ्या कपड्यातली एक पोरगी पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली, एक शिपाई आला, सरदारजी दचकून उठले आणि "क्या हुआ, माताजी, क्या हुआ?" करत पगडी सावरायला लागले. दोघी थांबल्या त्या आपोआप, आपलं आपलं संपल्यावर. त्या बाईने ओढणीच्या टोकाने आधी लालीबाईचे डोळे पुसले, मग स्वतःचे. तिने गाठोड्यातून मूठभर बदाम काढून लालीबाईच्या ओटीत घातले. लालीबाईने तिला लाडू दिले. छतातली बाई पुन्हा काहीतरी बोलली, तशी ती उठली, लालीबाईच्या हनुवटीवरच्या गोंदणावरून एक बोट फिरवलं, आणि एका दाराने गेली. कुठे चालली होती, कुणाकडे, लालीबाईला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या विमानात लालीबाईला झोप लागली, तशी झोप तिला दोन हिवाळ्यांत लागली नव्हती. जाग आली ती भीतीनेच. छाती हलकी होती. हात लावून पाहावं इतकी हलकी. तिने मनातल्या मनात सूर लावून पाहिला, बापाचं नाव घेऊन पाहिलं, तर आतून काही आलंच नाही. खिडकीबाहेर ढग पसरले होते, वेचायला कुणी न आलेल्या वावरासारखे, आणि ते संपतच नव्हते. आपण काय करून बसलो! राखून राखून ठेवलेलं, त्याच्या हातात द्यायचं ते वाटेतच देऊन टाकलं, तेही अशा बाईला जिला त्यातलं अक्षर कळलं नाही. आता इंदुताईंचं ऐकणं सोपं होतं. आता डोळे कोरडे ठेवायला काही करावंच लागणार नव्हतं. घरी गेल्यावर, दार लावूनसुद्धा. रूपसिंगला बाप कोरडाच मिळणार, तारेतून मिळाला तसा. या विचाराने तिला इतकं वाईट वाटलं की तिने मुंडासा काढून मांडीवर घेतला आणि लंडन येईपर्यंत त्याच्या घड्या मोडत आणि घालत राहिली. आजीला जो प्रश्न तिने लहानपणी विचारला नव्हता तो आता तिच्यापुढेच येऊन उभा होता.

लंडनला पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. सरदारजींनी तिला रांगेतून, शिक्क्यांतून पेटीपर्यंत नेलं आणि दाराशी हात जोडले. दारापलीकडे दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे माणसं. रूपसिंग तिला लगेच दिसला. काळा लांब कोट, केस मागे गेलेले, आणि उभं राहण्याची तऱ्हा थेट लखीरामची, एका पायावर भार टाकून. तरी डोळ्यांपर्यंत काही आलं नाही. तिने हसू लावलं. ते बिनचूक बसलं.

तो पुढे आला. वाकून पायांना हात लावला. "प्रवासात तरास तं नाही झाला?" तो यवतमाळच्या मराठीत म्हणाला.

लालीबाईने त्याचा हात हातात घेतला. हात गार आणि मऊ होता. "कसा आहेस?" ती म्हणाली, इंदुताईंनी सांगितलं होतं तसंच, त्यांच्याच उच्चारात.

"बरा आहे."

आजूबाजूला माणसं माणसांना भेटत होती, गाल गालाला लावत होती, कुणी हसत होतं. रूपसिंगने पेटी उचलली. ती त्याच्यामागून चालायला लागली. सगळं कसं ठरल्यासारखं झालं होतं. कुणी जमा झालं नव्हतं, कुणी तिच्यासारखा सूर काढला नव्हता. बाहेरच्या काचेच्या दाराशी तो थांबला, पेटी खाली ठेवली आणि मागे वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. बराच वेळ पाहत होता. डॉक्टर पाहतात तसं नाही. सांजेला तांड्यावर परत आल्यावर झोपडीत आई नसली की तो दारात उभा राहून पाहायचा, तसं.

"याडी," तो म्हणाला, "तू रोई कोनी."

तू रडली नाहीस. एवढंच, तांड्याच्या बोलीत. आवाज मोठ्या माणसाचा होता, पण शब्द खोलीत एकट्या राहिलेल्या पोराचे होते. "तूच म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "इथं नको म्हणून. शाळेपाशी."

त्याला आठवत होतं. आठवत नसतं तर त्याने विचारलं असतं, कुठल्या शाळेपाशी. त्याने विचारलं नाही. त्याचा खालचा ओठ लहानपणी हलायचा तसा हलायला लागला. "मी रोज वाट पाहिली," तो म्हणाला. "तू येशील आणि रडशील म्हणून. बा गेला हे मला अजून कुणी सांगितलंच नाही, याडी." आणि तिला वाटलं, आता मी याला काय देऊ, माझ्याकडे तर काही उरलं नाही. तिने मुंडासा त्याच्यापुढे धरला. दुसरं काही सुचलंच नाही म्हणून धरला.

रूपसिंगने तो घेतला नाही. तो वाकला, तिच्या गळ्यात दोन्ही हात घातले, त्या तपकिरी कोटाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, आणि सूर लावला. पुरुष असं रडत नाहीत. पुरुष उभे राहतात आणि बाईच्या डोक्यावर हात ठेवतात. याला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या कडेवर बसून, तिच्या पाठीशी झोळीत झोपून जेवढं कानावर पडलं तेवढ्यावर तो निघाला होता. आवाज फाटत होता, चाल वर जायची तिथे खाली येत होती. दार उघडमीट होत होतं, बाहेरून गार वारा येत होता, एक गोरी बाई थांबली, एक म्हातारा हॅट हातात घेऊन उभा राहिला. रूपसिंगने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो रडत सांगत होता, मी आलो नाही, मी आलो नाही, परीक्षा होती, मी आलो नाही. लालीबाई ऐकत राहिली. तिला बैरूतची ती बाई आठवली, तिचे वाजणारे गोट आठवले, आणि आजी आठवली, वर्ध्याच्या काठी कुणाकडून तरी भावाचं रडणं हातात घेणारी. रडणं पोचलं होतं खरं. तिच्याआधी येऊन पोचलं होतं. पण पोराने सुरुवातच चुकीची केली होती.

"असं नाही, बेटा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "स्वतःचं मागून. आधी बापाचं नाव घ्यायचं."

आणि त्याला जमेना म्हणून तिनेच ते घेतलं.